अक्काचं नववं प्रकरण

गेल्या वर्षी, फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेसातच्या सुमारास येलहंक्यातल्या आमच्या घरी माझ्या थोरल्या बहिणीची वाचा गेली. ती गॅसपाशी उभी होती. दूध वर आलं होतं. मला हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि जो आवाज आला तो माझं नाव नव्हता. उजवा हात ओट्यावरून घसरला. दूध उतू गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली आहे, असं दुपारी एक वाजता इस्पितळात सांगण्यात आलं.

यंदाही फेब्रुवारी आला. इंदिरानगरच्या रस्त्यांवरच्या झाडांनी पानं टाकली आणि नुसती गुलाबी फुलं धरली. लोक स्कूटर बाजूला लावून फोटो काढतात. झाडूवाल्या बायका गळलेली फुलं सकाळी सहाला गोळा करतात, नवाला तितकीच पुन्हा पडलेली असतात. गेल्या वर्षी इस्पितळाच्या फेऱ्यांमध्ये बसच्या खिडकीतून मी हीच झाडं रोज पाहत होते. ती सुंदर वाटली की नाही ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की शेजारची मुलगी बारावीला होती आणि गच्चीत फेऱ्या मारत रसायनशास्त्र मोठ्याने पाठ करायची, पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा, आणि आमच्या घरात बोलणारी मी एकटी उरले होते.

मी एका इंग्रजी दैनिकाच्या कॉपी डेस्कवर एकतीस वर्षं काढली. दुसऱ्यांची वाक्यं सरळ करणं हे काम. बातमीदार घाईत लिहितो, पुढारी अर्धवट बोलतो, पोलीस अधिकारी कोणी काय केलं तेच सांगायचं विसरतो. डेस्क ते भरून काढतं. अर्धं वाक्य छापायचं नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. भरलेलं दिसता कामा नये, हा दुसरा.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिने शहरातल्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत तत्त्वज्ञान शिकवलं. आमचं घराणं पणजोबांपासून चिकपेटेत कापडाच्या धंद्यात. घरात मराठी, दुकानात कन्नड, शाळेत इंग्रजी. त्यात अक्काने एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे दर शनिवारी जाऊन ग्रीकची भर घातली. वडील लोकांना सांगायचे, "मोठी लेक देवाधर्माचं काहीतरी शिकते." देव कुठला, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

तिचा देव डायोनिसस होता, आणि तिचा विषय त्याचं गाणं, डिथिरॅम्ब. अथेन्समध्ये पन्नास जण वेदीभोवती गोल धरून हे गाणं गात आणि नाचत. साथीला दोन नळ्यांचा, कर्कश आवाजाचा पावा. गाता गाता माणूस स्वतःच्या बाहेर जातो अशी समजूत होती. एकजण पुढे होऊन ओळ म्हणायचा, बाकीचे ती उचलायचे. नाटक याच गोलातून निघालं, असं त्या काळच्या लोकांनीच लिहून ठेवलं आहे. गाणी मात्र बहुतेक सगळी गेली. उरली ती इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसच्या तुकड्यांवर, ओळींची टोकं फाटलेली.

"एवढ्या लांबच्या दारुड्यांवर आयुष्य घालवलंस," मी म्हणायचे.

"दारुडे नव्हेत गं, नागरिक. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडणारे. आपल्या बाबांसारखे. सगळा प्रश्न तिथेच तर आहे."

"काय प्रश्न?"

"हेच, की दुकान उघडायला ते परत कसे आले?"

निवृत्तीनंतर तिने यावर पुस्तक लिहायला घेतलं, आणि ते मराठीत. इंग्रजीत का नाही, असं मी विचारलं. "इंग्रजीत लिहिलं तर हजार जणांना दिसेल आणि कोणी वाचणार नाही. मराठीत चाळीस जण वाचतील आणि चुका काढतील. मला ते चाळीस बरे." बेळगावच्या एका छोट्या प्रकाशकाने ते घेतलं. आठ प्रकरणं अक्षरजुळणी होऊन आली. नववं, शेवटचं, लिहायचं होतं.

आठव्या प्रकरणात आधुनिक तत्त्वज्ञान होतं. एकोणिसाव्या शतकातल्या एका तरुण जर्मन अध्यापकाला या जुन्या गाण्यात माणसाबद्दलचं एक सत्य दिसलं. 'मी' ही एक आखलेली रेघ आहे, असं त्याचं म्हणणं. गोलातल्या गाण्यात ती रेघ पुसली जाते. पुसली जाणं भयंकर असतं आणि त्यातच माणसाचा सर्वांत मोठा आनंद असतो. पुढच्या शतकात पॅरिसमधल्या लेखकांनी तो धागा आणखी ताणला. 'मी' उरला नाही तर अनुभव कोणाचा, बुद्धीच्या कुंपणापलीकडे काय आहे, शहाणपणाने कशाकशाला वेडेपणा म्हणून बाहेर काढलं, हे सगळे प्रश्न त्या गोलातून आले आहेत, हे अक्काने ऐंशी पानांत दाखवलं. तिला ते पटत होतं. तिची तक्रार एकच होती: "हे सगळे टेबलाशी बसून लिहीत होते. जाण्याबद्दल किती सुंदर लिहिलंय. येण्याबद्दल एक ओळ नाही."

तो जर्मन शेवटी स्वतःच डिथिरॅम्ब लिहू लागला. त्यानंतर लवकरच त्याचं मन गेलं. तो आणखी दहा-अकरा वर्षं जगला, हळूहळू बोलेनासा झाला. आधी आईने सांभाळला, मग बहिणीने. त्याचे कागद बहिणीच्या ताब्यात होते. तिने ते लावले, कापले, जोडले आणि छापले. त्यातलं त्याचं कुठलं आणि तिने केलेलं कुठलं, हे वेगळं करायला अभ्यासकांना पुढे कित्येक दशकं लागली. या प्रकरणाची मुद्रितं मी तपासली होती. चार चुका सापडल्या, त्यातल्या दोन विरामचिन्हांच्या.

नवव्या प्रकरणाचा विषय तिला वाचा जाण्याच्या आदल्या महिन्यात, जानेवारीत, यशवंतपूरच्या एका मंगल कार्यालयात मिळाला. चुलत भावाच्या मुलाचं लग्न झालं होतं आणि कुळाचाराप्रमाणे गोंधळ घालायचा होता. हॉल संध्याकाळी सहाला रिकामा करून द्यायचा होता, म्हणून देवीचा गोंधळ दुपारी तीनला, ट्यूबलाइटखाली सुरू झाला. गोंधळी परशुरामअण्णा, मूळचे निपाणीकडचे, सत्तरीचे. त्यांनी दिवटी पेटवायला घेतली तोच हॉलचा मॅनेजर धावत आला. वर धुराचा अलार्म आहे, दिवटी चालणार नाही, असं त्याने कन्नडमध्ये सांगितलं.

"मग देवी काय अलार्म बघून येणार हाय व्हय?" परशुरामअण्णा म्हणाले. शेवटी समईवर भागलं.

देवी आली. नवऱ्यामुलाची मावशी बँकेत ऑफिसर आहे. संबळ चढत गेलं तशी ती खुर्चीतून उठली, केस सुटले, घोगऱ्या आवाजात घुमू लागली. बायकांनी हळदकुंकू पुढे केलं. परशुरामअण्णा तिच्याकडे न बघता वाजवत राहिले. मग त्यांनी ताल हळूहळू उतरवत आणला, एकेक पायरी, आणि शेवटच्या थापेला मावशी खाली बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "कॉफी आहे का गं स्वल्प?"

अक्का संबळाजवळ जाऊन बसली होती.

"अण्णा, तुमच्या अंगात कधी आलंय का हो?"

"आमच्या? न्हाय बा. आमच्या अंगात येऊन कसं चालंल? ताल कोण धरणार?"

"आणि नाही धरला तर?"

"तर ती तिकडंच ऱ्हाती की. परत कोण आणणार तिला?"

अक्काने हे लग्नपत्रिकेच्या पाकिटावर लिहून घेतलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "वसू, सगळ्या जर्मनीला हा माणूस सापडला नाही." त्या दिवशी मी तिला इतकं आनंदात शेवटचं पाहिलं. घरी येऊन तिने नवीन पानावर प्रकरणाचं नाव लिहिलं, 'परत कोण आणतं?', आणि खाली सात ओळी. त्यानंतर महिनाभर ती टिपणं काढत राहिली, पण प्रकरणात आठवी ओळ पडली नाही. ती सोमवारपासून सुरू करणार होती.

इस्पितळातून घरी आल्यावर आठवड्यातून तीनदा रम्या येऊ लागली. ती वाचा-उपचार करणारी, तिशीतली, कन्नड बोलणारी मुलगी. अक्काला बोललेलं बरंचसं समजतं, स्वतःचा शब्द तेवढा सापडत नाही, असं तिने सांगितलं. काही वेळा बोलणं गेलेल्या माणसाला गाता येतं. गाण्याची वाट मेंदूत थोडी वेगळी असते. त्या वाटेने शब्द आणता येतील. पहिले तीन-चार महिने महत्त्वाचे. आणि एक नियम: काही विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे. मध्ये शब्द पुरवायचा नाही.

मी वहीत नियम लिहून घेतला.

रम्या अक्काचा डावा हात धरून टेबलावर ठेका द्यायची आणि दोन सुरांत शब्द गायची. मराठी शब्दांची यादी मी करून दिली होती. चौथ्या दिवशी अक्का गायली, "पंखा बंद." दोन सूर, दोन शब्द, स्पष्ट. मी पंखा बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. जिने आयुष्यभर सांगितलं की शब्दाच्या आधी गाणं होतं, तिच्याकडे आता तेवढंच राहिलं होतं, आणि ते पंख्यापुरतं. तिच्या पुस्तकातली माणसं गाताना स्वतःला हरवत होती. इथे हरवणं आधी झालं होतं, घरच्या ओट्यापाशी, आणि त्यात आनंद नव्हता. 'मी'ची रेघ पुसली गेली की काय दिसतं, हे मी रोज सकाळी तिच्या डोळ्यांत पाहत होते. तिथे समुद्र नव्हता, देव नव्हता. कुलूप लागलेल्या खोलीत कोणीतरी जागं होतं.

मार्चच्या शेवटी परशुरामअण्णा बघायला आले. येताना मोसंबी आणली होती आणि काखेत संबळ. मी पंख्याची हकिगत सांगितली.

"एवढी शिकलेली बाई, आन् पहिलं गाणं पंख्याचं?" ते अक्काला म्हणाले. "देवीला काय वाटंल ओ अक्का?"

अक्का हसली. अर्धाच चेहरा हसला, पण हसली. त्यांनी संबळ पुढे घेतलं आणि अगदी सावकाश ताल धरला. अक्काचा डावा हात मांडीवर पडू लागला. बऱ्याच वेळाने ती गाऊ लागली. आधी नुसते सूर. मग, "ताल… धरणारा…"

"ताल धरणारा महत्त्वाचा," मी म्हणाले. "हो ना अक्का? ताल धरणारा महत्त्वाचा, असंच ना?"

सूर थांबले. अक्का माझ्याकडे बघत राहिली.

"ताई, तुम्ही मधी बोलू नका," परशुरामअण्णा म्हणाले. "त्यांचा शबुद येतोय, येऊ दे की. तुम्ही आधीच पुढं जाऊन उभ्या ऱ्हाताय."

मी सॉरी म्हटलं. फोनवर ध्वनिमुद्रण चालू होतं. ते अजून आहे. माझा आवाज तिच्या आवाजापेक्षा मोठा आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बेळगावहून प्रकाशकाचा फोन आला. मेपासून छापखान्यात शाळेच्या वह्या-पुस्तकांचं काम लागतं, मग ऑगस्टपर्यंत यंत्र मोकळं नसतं. "ताई, नववं प्रकरण मिळतंय का? नसेल तर आठांवर थांबू. मला चालतं." मी म्हणाले, मिळेल. एकतीस वर्षांत माझ्या पानाला उशीर झाला नव्हता. शिवाय पुस्तक अपुरं राहिलं तर अक्काचं काय उरणार, असं मला वाटलं. वाटलं ते असं होतं. खरं कारण डेडलाइन होतं की अक्का, हे आता सांगता येत नाही.

माझ्याकडे सामग्री होती ती अशी. पानावरच्या सात ओळी. पाकिटावरचं परशुरामअण्णांचं बोलणं. आणि फोनवरच्या ध्वनिमुद्रणात अक्काने गायलेले तीन तुकडे: 'ताल धरणारा', 'परत', आणि एप्रिलमधल्या एका सकाळचा, 'कोणी नाही'. तिसऱ्या तुकड्यानंतर लगेच माझाच आवाज आहे: "कोणी नाही काय? कोणी नाही असं नसतंच, कोणीतरी असतंच. बरोबर?"

यावरून मी चौदा पानं लिहिली. तिची शैली मला पाठ होती. प्रकरणाचा निष्कर्ष असा काढला, की स्वतःबाहेर गेलेल्याला परत आणणारं कोणीतरी गोलात नेहमी असतं. समाज म्हणजे ताल धरून बसलेली माणसं. आधुनिक तत्त्वज्ञान एकट्याने लिहिलं गेलं म्हणून त्याला ती दिसली नाहीत. वाक्यं चांगली होती. सांधा कुठे दिसत नव्हता.

ती पानं मी अक्काला दोन दुपारी वाचून दाखवली. बातमीत कोणाचं म्हणणं छापायचं तर त्याला एकदा ऐकवायचं, आणि त्याने हरकत घेतली नाही तर पान सोडायचं, ही डेस्कची पद्धत. अक्काने वाचनात तीनदा डावा हात वर केला. तिन्ही वेळा मी विचारलं, "बरं झालंय ना?" आणि पान उलटलं. दहा आकडे मी एकदाही मोजले नाहीत.

प्रती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आल्या. वीस प्रतींचं खोकं. कव्हरवर तिचं नाव. मी एक प्रत तिच्या मांडीवर ठेवली. ओळीखाली बोट ठेवून, शब्द शब्द, ती वाचू शकत होती, पण अर्धं पान झालं की थकायची. तिने आधीची प्रकरणं उघडलीच नाहीत. सरळ नववं काढलं. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत तिने पेज प्यायली, रम्याबरोबर थोडं गायली, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेजारच्या मुलीची परीक्षा संपली होती. गच्ची शांत होती. रस्त्यावरच्या झाडांना पानं आली होती.

चौथ्या दुपारी तिने खूण करून पेन्सिल मागितली. डाव्या हाताने, फार सावकाश, तिने नवव्या प्रकरणाच्या पहिल्या शब्दाआधी एक चौकोनी कंस काढला. मग पानं उलटत शेवटच्या ओळीपर्यंत गेली आणि तिथे दुसरा काढला. रेषा वाकड्या होत्या, पण ओळखू येत होत्या.

पपायरसचे तुकडे छापणाऱ्यांची ही जुनी शिस्त आहे. जिथे मूळ ओळ फाटलेली असते तिथे संपादक स्वतःच्या अंदाजाने शब्द भरतो, पण ते शब्द चौकोनी कंसात घालतो. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे कवीचं नाही. आत काहीच भरता आलं नाही तर कंस रिकामे ठेवतात. अक्काच्या पुस्तकात पान बावीसवर ही माहिती आहे.

तिच्या सात ओळीही त्या कंसात गेल्या होत्या. त्या मी मधे इतक्या बेमालूम मिसळल्या होत्या की तिलाही वेगळ्या काढता आल्या नाहीत, किंवा तिने काढल्या नाहीत.

"अक्का, मग तुला काय म्हणायचं होतं?" मी विचारलं. या वेळी मी दहा आकडे मोजले. मग वीस मोजले. तिने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

परत आणणारं कोणी नाही, असं तिला म्हणायचं असावं. गोंधळ्याचं खरं असलं तरी ताल धरणाराही कधी तरी नसतो, किंवा असतो आणि त्याला ताल येत नसतो, असंही असावं. ती पुढे आणखी काही गाणार असेल. ध्वनिमुद्रणात तेवढ्यापुरती जागा नाही. तिथे मी बोलते आहे. यंदा फुलं पडू लागल्यापासून मी ते मुद्रण बऱ्याचदा ऐकलं. त्यातून नवीन काही हाती लागलं नाही.

प्रकाशकाला फोन केला तेव्हा प्रती कोल्हापूर आणि पुण्याला गेल्या होत्या. तो भला माणूस आहे. म्हणाला, "शुद्धिपत्र छापून पुस्तकात घालू, ताई. मजकूर पाठवा." तो मजकूर मी अजून पाठवलेला नाही.

परशुरामअण्णा जूनमध्ये आले होते. तासभर वाजवलं. अक्का डोळे मिटून बसली होती, हात मांडीवर स्थिर. निघताना चपला घालत ते म्हणाले, "ऐकतायत त्या. पण आत येऊ देईनात." मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडलं. पुढे ते निपाणीला मुलीकडे राहायला गेले.

रम्या प्रत्येक भेटीची नोंद एका वहीत ठेवते. त्या कंसांनंतरच्या पहिल्या भेटीत, मेच्या पहिल्या मंगळवारी, तिने नेहमीप्रमाणे अक्काचा डावा हात टेबलावर घेतला आणि दोन सुरांत 'पाणी हवं' गायली. अक्काने हात काढून घेतला. रम्याने तीनदा प्रयत्न केला. त्या दिवसापासून आजपर्यंत अक्का गायलेली नाही.